चांद्याच्या रानांतील समुद्र

गेल्या वैशाखांत पुतण्याच्या आग्रहावरून चंद्रपूरास जाण्याचा योग आला. ज्या वयांत माणसें थंड हवेच्या ठिकाणीं जातात, त्या वयांत मीं हें तप्त गांव निवडलें, म्हणून घरच्या मंडळींनीं माझी थोडी थट्टाही केली. वर्धा व हिंगणघाट मागें टाकून गाडी वरोऱ्यापुढें गेली, आणि दोहों बाजूंस पानें झडलेले साग दिसूं लागले. चंद्रपूर म्हणजे पूर्वीचें चांदा, गोंड राजांची राजधानी. त्यांचा परकोट व जटपुरा दरवाजा अद्याप उभे आहेत. १९८२ सालीं याच जिल्ह्याचा पूर्वभाग तोडून गडचिरोली जिल्हा झाला. तेथून कोणत्याही दिशेस निघालें तरी समुद्र शेकडो मैल दूर. अशा गांवीं समुद्र पाहावयास मिळेल, असें मला कोणी सांगितलें असतें तर मीं हंसण्यावारी नेलें असतें.

पुतण्याच्या माजघरांत चार फूट लांबीची एक काचपेटी होती. आंत खारें पाणी, तळाशीं पांढरी बारीक वाळू, दगडांच्या कपारी, आणि त्या दगडांवर प्रवाळांच्या जवळच्या कुळांतील मऊ, छत्रीसारखे जीव. त्यांच्यामधून रॅस जातीचे चार मासे फिरत होते. तीन माद्या फिक्या रंगाच्या. नर मात्र तांबडा-जांभळा, पर उभारून मिरवणारा. माझी नात, म्हणजे पुतण्याची मुलगी, मला एकेकाची ओळख करून देऊं लागली.

"आजोबा, सगळेच रॅस प्रवाळांत ठेवतां येत नाहींत. मोठ्या जातीचे गोगलगायी आणि कोळंब्या फोडून खातात. हे फेअरी रॅस पाण्यांत तरंगणारे बारीक जीव खातात, म्हणून प्रवाळांना त्यांचा त्रास नाहीं."

मोठ्या माशांच्या अंगावरील उपद्रवी किडे वेंचून खाणारा क्लीनर रॅस त्यांनीं मुद्दाम आणला नव्हता. घरच्या पेटींत तो बहुधा उपाशीं मरतो. मला शतपथ ब्राह्मणांतील मनूची कथा आठवली. मोठा मासा लहानास गिळतो, म्हणून त्या चिमुकल्या मत्स्यानें मनूपाशीं आश्रय मागितला; मनूनें त्यास आधीं कुंभांत, मग खड्ड्यांत आणि शेवटीं समुद्रांत ठेविलें. मासा पाळणाऱ्याची पहिली चिंता तेव्हांही हीच होती.

बाहेर ४६ अंश उष्णता, आणि पेटींतील पाणी २६ अंशांच्या पुढें जातां कामा नये! त्यासाठीं पाणी थंड करणारें यंत्र अहोरात्र चालू असे. वाफ होऊन पाणी उडतें, मीठ मात्र मागें राहतें. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेंच भरावयाची, हें नातीनें मला एखाद्या शिक्षिकेप्रमाणें समजावून सांगितलें. खऱ्या दगडी प्रवाळांविषयीं विचारतां पुतण्या म्हणाला, "काका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यांना वाघाच्याच अनुसूचींत घातलें आहे. तें घरांत ठेवणें म्हणजे गुन्हा."

आतां माझा अपराध सांगतों. नातीनें सांगितलें होतें कीं, कांहीं रॅस रात्रीं वाळूंत पुरून घेतात, तर फेअरी रॅस कपारींत शिरून अंगाभोंवतीं चिकट द्रवाचा कोश विणतात व त्यांत निजतात. हा कोश पाहण्याची मला अनिवार इच्छा झाली. मध्यरात्रीं उठून मीं वरची जाळी बाजूस सारली व विजेरी आंत धरली. कांहींतरी चमकून सळसळलें. मीं ओशाळून दिवा मालवला. जाळी ओढून घेतली, पण ती कोपऱ्यांत नीट बसली नाहीं. सकाळीं तो तांबडा नर फरशीवर वाळून पडला होता. रॅस दचकले म्हणजे उड्या मारतात. जाळी त्याकरितांच होती. नात रडत होती. सुनेनें आपल्याच हातून जाळी उघडी राहिली असावी असें म्हटलें, तेव्हां मला गप्प राहवेना. चाळीस वर्षें मुलांना खरें बोलावयास शिकविलें. तें त्या सकाळीं मला स्वतःला करावें लागलें. माझें बोलणें संपल्यावर नातीनें डोळे पुसले, पण दिवसभर ती माझ्याशीं बोलली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही ताडोब्यास गेलों. उन्हानें रान करपलें होतें. सारें जीवन तळ्याकाठीं गोळा झालें होतें. वाटाड्यानें प्रथमच बजावलें : गाडींतून उतरावयाचें नाहीं. आदल्या दिवशीं हा नियम मला जाचक वाटला असता. त्या दिवशीं वाटला नाहीं. परततांना पुतण्यानें सांगितलें कीं, राजुरा-कोरपना भागांतील ज्या चुनखडीवर येथले सिमेंटचे कारखाने चालतात, ती एका प्राचीन समुद्राच्या तळाशीं सांठलेली आहे, आणि त्या समुद्रांत मासा किंवा प्रवाळ अजून जन्मासही आलेले नव्हते. गडचिरोलींत सिरोंच्याजवळ कोटा येथें तर चुनखडींत माशांचे जीवाश्मही सांपडतात. ते मात्र पुष्कळ नंतरचे व गोड्या पाण्यांतले. तेव्हां माजघरांतील तो समुद्र अगदींच परका नव्हता म्हणावयाचा. नात हें सारें ऐकत होती. "मग आजोबा, आपली पेटी म्हणजे समुद्र परत आला," असें ती म्हणाली, आणि मला हायसें वाटलें.

आषाढांत तिचें पत्र आलें. सर्वांत मोठ्या मादीच्या अंगावर तांबडा रंग चढूं लागला आहे. नर नाहींसा झाला म्हणजे रॅसांत मादीच नर होते. पुराणांतील इलेची कथा तिला मींच सांगितली होती, ती तिनें पत्रांत आठवणीनें लिहिली होती. मात्र खालीं एक ओळ होती : "तरी पहिला तो पहिलाच."

त्यावर मला समर्थन सुचलें नाहीं. उत्तरांत मीं एवढेंच लिहिलें कीं, निजण्यापूर्वीं जाळीचे चारी कोपरे एकदां हातानें दाबून पाहत जा. आणि मी पुन्हां आलों तर माझ्यानंतरही पाहा.