शेवटचे ताट

कराड-वाळव्याचा कृष्णाकाठ सोडून आम्ही पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जतच्या वाटेला लागतो, तेव्हा उसाचे हिरवे मळे मागे पडतात आणि पर्जन्यछायेतले ज्वारी-बाजरीचे माळ लागतात. परंतु घर बागायतदाराचे असो वा कोरडवाहू शेतकऱ्याचे, अनेक ठिकाणी एक रीत सारखीच: सर्वांना वाढून झाल्यावर घरची स्त्री जेवायला बसते, मग ती गरोदर का असेना. “मला एवढे पुरे” हे शब्द आम्ही आपापल्या आयांच्या तोंडून ऐकतच वाढलो.

सातव्या महिन्यात तिचे डोहाळेजेवण थाटात होते. पण बाळाची वाढ एका दिवसाच्या कौतुकावर होत नाही. आईला रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक हवेत; म्हणजे एखादी जादा भाकरी आणि वाटीभर उसळ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर स्त्रीला अंगणवाडीमार्फत मोफत आहाराचा हक्क दिला. मात्र घरी आणलेला तिचा शिधा सर्वांच्या पातेल्यात पडला, तर तिच्या वाट्याला पुन्हा तळाचेच उरते. कायदा उंबरठ्यापर्यंत येतो. ताटापर्यंत त्याला घरच्यांनीच न्यावे लागते.

मटकी, हुलगे, शेवग्याचा पाला, शेंगदाणे हे सारे आपल्या माळावरचेच. भोजनापूर्वीची प्रार्थना झाली की पहिले ताट तिचे वाढावे आणि ती पोटभर जेवेपर्यंत आपण तिच्या सोबतीला बसावे.