वीस तासांचा हिशेब



मागच्या बुधवारी स्वाध्याय संपल्यावर चपला घालताना एका ताईंनी विचारलं, "तुमचा नातू इंग्लंडला आहे ना? आमची मुलगीही जायचं म्हणतेय. तिथं काम करून राहण्याचा खर्च निघतो म्हणतात, खरं का?" घाईत मी काहीतरी बोलले. घरी आल्यावर वाटलं, खरं ते नीट लिहावं, आपली चूकसुद्धा.

माझ्या थोरल्या लेकीचा मुलगा सप्टेंबर २०२५ मध्ये एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी लीड्सला गेला. मी बी.कॉम., त्यामुळे घरातले हिशेब माझ्याकडे. वही काढली. पदवी किंवा त्यावरचं शिक्षण घेणाऱ्या मुलांना तिथं सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. एकवीस पूर्ण झालेल्यांना तेव्हा तासाला किमान १२.२१ पौंड. म्हणजे आठवड्याचे २४४.२० पौंड. त्याला ५२ ने गुणलं आणि जमेच्या बाजूला लिहून टाकलं. कर्ज तेवढं कमी काढलं.

व्हिसासाठी मात्र पुढे मिळणारी अशी कमाई धरत नाहीत. लंडनबाहेर राहणाऱ्यांना तेव्हा महिन्याला १,१३६ पौंड, असे नऊ महिन्यांचे १०,२२४ पौंड, फीखेरीज, सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागत होते. आमच्याकडे तेवढे नव्हते. दिरांकडून घेतले, लेकीच्या खात्यात ठेवले आणि व्हिसा आल्यावर परत केले. "सगळेच करतात," असं एजंट म्हणाला. आम्हीही मान डोलावली.

तिथं गेल्यावर दोन महिने कामच मिळालं नाही. एका उपाहारगृहात मिळत होतं, पण मांस हाताळावं लागणार म्हणून त्यानं सोडलं. मग विद्यापीठातच आठवड्याला बारा तासांचं काम लागलं. नाताळच्या सुट्टीत जास्त तास केले, कारण अधिकृत सुट्टीत ते चालतं. पण माझी जमेची बाजू काही भरली नाही.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "आजी, इथला एक दुकानदार बोलावतोय. आपलाच माणूस आहे. सगळे मिळून तास विसाच्या वर जातील, पण वरचे पैसे रोख देईन म्हणतो. कागदावर काही येणार नाही."

मी म्हटलं, "बाळा, मागच्या आठवड्याचे उरलेले तास या आठवड्यात धरता येत नाहीत का?"

"नाही आजी. सोमवार ते रविवार, प्रत्येक आठवडा वेगळा. दोन ठिकाणी काम केलं तरी बेरीज वीसच. बिनपगारी नोकरीचे तासही त्यातच धरतात. आणि स्वतःचा धंदा करायचा नाही, म्हणून सायकलवरून जेवण पोचवायचं कामही नाही."

आमच्या स्वाध्यायात तेव्हा तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालू होता. अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम येतो. ते त्याला सांगितलं. राज्यानं घातलेली मर्यादा लपून ओलांडणं हा चोरीच्याच व्रताला लागणारा दोष आहे, म्हटलं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "मग आजी, धाकट्या आजोबांचे पैसे आपण खात्यात दाखवले, ते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री सामायिकात मन लागेना. उठून वही काढली. पोराला लोभ नव्हताच. माझ्या हातानं लिहिलेला तो जमेचा आकडा त्याला ढकलत होता.

दुसऱ्या दिवशी शिखरजीच्या यात्रेसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली आणि पैसे त्याला पाठवले. आमचे हे एवढंच म्हणाले, "शिखरजी कुठं जात नाही." दुकानदाराला त्यानं नाही सांगितलं. नंतर वाचलं, असं काम तिथं गुन्हा आहे, व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि ठेवणाऱ्या मालकाला पहिल्याच वेळी एका कामगारामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. कागदावर काही का येणार नव्हतं, ते तेव्हा कळलं.

म्हणून सख्यांनो, मुलांना पाठवताना राहण्याचा पूर्ण खर्च घरून धरा. कमाईच्या रकान्यात शून्य लिहा. मिळालं तर वरचं. दाखवलेले पैसे खरोखर मुलाचेच असू द्या. उन्हाळ्यात भरपूर कमावेल असंही धरू नका. एक वर्षाच्या एम.एस्सी.ला उन्हाळा बहुधा प्रबंधाचा असतो, त्यामुळे तेव्हाही वीसच तास. खरं कमावण्याचा काळ पुढे आहे. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर, विद्यार्थी व्हिसाची मुदत संपायच्या आत, ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज करता येतो. आत्ता तो दोन वर्षांचा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि एम.एस्सी.वाल्यांना दीड वर्षाचा मिळेल.

आणि फोनवर "किती मिळाले?" असं आधी विचारू नका. "जेवलास का?" एवढं विचारा. मी आता तेच विचारते.

जय जिनेंद्र.