दोन वेळचा राग

मला रागावता येत नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. एखाद्याला पोहता येऊ नये, तसेच ते आहे. उंची पाच फुटांच्या आत, त्यात पेशा मास्तरकीचा! ठेंगण्या माणसाने डोळे वटारले की मुले हसतात, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळले.

यंदा दिवाळीला पुतणी पुण्याहून आली ती फराळाच्याही आधी फासे काढून बसली. वीस बाजूंचा फासा मी जन्मात पाहिला नव्हता. १९७४ साली अमेरिकेत निघालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ. यात आपण एक पात्र रचायचे आणि मग त्याच्या तोंडून बोलायचे, त्याच्या हाताने लढायचे.

“काका, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. तुम्हाला काय अवघड?”

मी हाफलिंग निवडला. टोल्किनच्या हॉबिटांचा हा भाऊबंद. उंची अवघी तीन फूट.

“याला चोर करा. लपायला बरा,” पुतणी म्हणाली.

“नाही. बार्बेरियन करायचा. रानदांडगा!”

ती हसली. एवढ्याशा जिवाच्या हाती अवजड कुऱ्हाड नीट चालत नाही म्हणे. पण हाफलिंगला नशिबाची एक सवलत असते : फाशावर एक पडला, तर तो पुन्हा टाकता येतो. आणि बार्बेरियन संतापला, की शस्त्राचा घाव त्याला निम्माच लागतो. मात्र २०१४ च्या नियमावलीप्रमाणे नवख्याला राग दोनदाच. तिसरा हवा असेल तर आधी रात्रभर झोप घ्यायची.

“पण तो एवढा रागावतो कशामुळे? तेही लिहावे लागते.”

“त्याचा गाव पाण्याखाली गेला आहे,” मी म्हणालो, आणि माझा मीच दचकलो.

आमच्या अंगणातून मुळशी धरणाचे पाणी दिसते. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथले मावळे त्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. त्यांत माझे पणजोबा होते. माझ्याएवढेच ठेंगणे, असे आजी सांगे. १९२४ पर्यंत लढा मोडला. गावे बुडाली. पणजोबांनी पुढे कधी आवाज चढवला नाही, आणि ते मौन एखाद्या वतनासारखे आमच्या घरात चालत आले.

गेल्या श्रावणात फी थकली म्हणून माझ्या वर्गातल्या एका मुलाला सर्वांदेखत उभे केले गेले. मी मान खाली घालून हजेरी लिहीत राहिलो होतो.

खेळात पुलावर राक्षसाने वाट अडवली.

“काका, रागवायचे?”

“हो!”

त्याचा घाव मला निम्माच लागला. मी फासा टाकला, एक पडला. पुन्हा टाकला, सतरा! राक्षस कोसळला आणि घरातली पोरे ओरडू लागली. त्या आरड्यात माझाही आवाज होता.

बाहेर अंगणात मुलांनी केलेल्या मातीच्या किल्ल्यावर पणतीच्या उजेडात बोटभर मावळा भाला रोखून उभा होता. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. सुट्टी संपली की शाळेत त्या मुलाच्या फीची गोष्ट पुन्हा निघणारच. रात्रभर झोप घेतली की राग परत मिळतो, असा नियम आहे.

मी त्या रात्री लवकर झोपलो.