गोदाकाठची वाट : भाग 4
नळाला हात जोडताना

सोमवार, छत्रपती संभाजीनगर

गुलमंडीजवळ मावशीकडे उतरले आहे. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे इथल्या घरांत तिथीआधी पाण्याचा वार पाठ असतो. आजचा वार आमचा होता. पहाटे तीनला नळातून नुसती हवा फुसफुसली. मावशी गुडघ्यावर हात रेटत उठली. टिपाड, हंडे, बादल्या, कळशा ओळीनं मांडलेल्याच होत्या. धार लागली तशी तिनं पहिला तांब्या भरून बाजूला ठेवला, नळाला हात जोडले आणि म्हणाली, "आली गं गोदामाय."

झोपमोडीनं मी वैतागले होते. म्हटलं, "मावशी, इतके दिवस आली नाही त्याचं काय?"

"ते भांडण दिवसा करूच की. आलंय त्याला आधी हात जोडावेत."

पहिला तांब्या सकाळी तुळशीला गेला.

मंगळवार, पाणचक्की

खाम नदीकाठी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. मलिक अंबरानं सतराव्या शतकात या शहराला भूमिगत नहरींनी पाणी दिलं. पुढे डोंगरातलं पाणी अशाच नहरीतून, खापरी नळांतून इथवर आणलं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवलं. त्या पिठातून फकिरांची आणि वाटसरूंची भाकरी व्हायची. हौदाकाठी एक आजोबा बसले होते. त्यांनी ओंजळ तोंडावरून फिरवली, आकाशाकडे पाहून हलकेच "शुक्र है" म्हटलं आणि चपला शोधू लागले. मला मावशीचा तांब्या आठवला.

बुधवार, पैठण

दीडएक तासाचा एसटीचा प्रवास झाला. संत एकनाथांच्या वाड्यात रांजण पाहिला. श्रीखंड्या नावाच्या गड्याच्या रूपात देवानं बारा वर्षं कावडीनं पाणी वाहून हा रांजण भरला, अशी श्रद्धा आहे. नाथषष्ठीच्या दिवसांत भाविक अजूनही यात पाणी घालतात. पाणी वाहणं हे इतकं खालचं, कष्टाचं काम. आपल्या माणसांनी ते देवाच्या खांद्यावर दिलं. पहाटे तीनला हंडा उचलणाऱ्या बाईच्या दुखऱ्या कमरेला याहून मोठा मान कोणी दिला असेल?

नाथांची आणखी एक कथा इथे सांगतात. गोदावरीत स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकला. दर वेळी नाथ परत नदीवर गेले. शेवटी तो शरमला, तर नाथांनी त्याचेच आभार मानले, त्याच्यामुळे इतकी स्नानं घडली म्हणून. लहानपणी ही सहनशीलतेची कथा वाटायची. आज वाटलं, नाथांचं लक्ष थुंकीवर नव्हतंच, नदीवर होतं.

संध्याकाळी जायकवाडीच्या बांधावर गेले. 1965 मध्ये पायाभरणी झालेलं हे धरण 1976 मध्ये पूर्ण झालं. जलाशयाला नाव दिलं नाथसागर. मावशीच्या नळाला येणारं पाणी इथलंच. या पाण्याखाली कितीतरी गावांची घरं, शेतं, देवळं गेली. त्या माणसांसाठीही मी हात जोडले.

रात्री मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग तुळशीचा तांब्या त्यांच्याही नावानं." पुढचं पाणी यायला अजून बरेच दिवस आहेत. वाचकहो, तुमच्याकडे नळ रोज येत असेल, तर उद्या सकाळी पहिला तांब्या भरताना क्षणभर थांबा आणि हात जोडा.