पुढील स्थानक

वनाजहून मेट्रोत बसले की स्थानकांची नावे ऐकण्यात माझी छान करमणूक होते. वनाज हे कारखान्याचे नाव, गरवारे कॉलेजचे, आणि नळस्टॉप तर साध्या नळाचे! नळाला एवढा मान देणारे दुसरे शहर मला ठाऊक नाही.

पण दोन मार्ग जेथे एकमेकांना छेदतात, त्या स्थानकाचे नाव पुकारले गेले की मी खिडकीबाहेर पाहू लागतो. १ ऑगस्ट २०२३ रोजी ते सुरू झाले तेव्हा त्याला 'सिव्हिल कोर्ट' म्हणत. पुढे ते 'जिल्हा न्यायालय' झाले. नावे बदलणे मेट्रोला नवे नाही. बुधवार पेठेच्या नावाने आखलेले स्थानक २०२४ साली उघडले ते कसबा पेठेच्या नावाने. शेजारचे शिवाजीनगरचे कोर्ट तर जागच्या जागीच आहे, मग एवढा फरक तो काय, असे वाचक विचारतील. ज्यांच्या घरात कधी दावा लागला नाही त्यांनीच हे विचारावे!

वडिलांच्या वाड्यावरून आम्हां दोघा भावांत दावा लागला. दिवाणी कोर्टात दादा जिंकला. मी अपिलात गेलो, आणि जिल्हा न्यायालयात मी जिंकलो. तारखेच्या दिवशी दोघेही एकाच टपरीवर चहा घेत असू. मात्र पाठीला पाठ लावून. उशिराचा दोष कोर्टाला देणार नाही. तारखा आम्हीच मागून घेत होतो. वाडा तेवढा थांबला नाही. दोन पावसाळ्यांत बसला.

स्थानकाचे नाव बदलले त्या दिवशी, खोटे कशाला सांगू, माझाच निकाल कोणी फलकावर रंगवल्यासारखे वाटून मी घरी येताना पेढे आणले. कशाचे, ते हिला सांगितले नाही.

परवा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, नानांचं घड्याळ सापडलंय. ते तुम्हालाच द्यायचं म्हणतात हे. अर्ध्या वाटेवर भेटाल का?"

दादा संत तुकारामनगरला राहतो. अर्धी वाट म्हणजे कोणते स्थानक, हे वहिनींनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

माझी गाडी वर पुलावर येते, दादाची जमिनीखाली ३३ मीटरवर. सरकत्या जिन्यांवरून मी उतरत राहिलो. इतक्या खोलवरही उन्हाचा एक पट्टा येतो. त्या उजेडात पुष्कळ पांढरी डोकी दिसली. त्यांतले आमचे कोणते, ते ओळखेना. शेवटी फोन लावला.

"दादा, कुठे उभा आहेस?"

"सिव्हिल कोर्टाला," तो मुद्दाम ठासून म्हणाला.

अपिलाचा निकाल माझ्या अगदी ओठांवर आला होता.

"आलोच," मी म्हटले.