ठरलेला वार



तुम्हांला शिकवणारी माणसे किती आहेत, हे तुम्ही कधी मोजून पाहिले आहे का? शाळेतले गुरुजी आणि बाई, मकतबातले मौलवीसाहेब, घरी अम्मी आणि अब्बा, ही नावे तुम्ही लगेच सांगाल. पण आणखी एक माणूस असतो. तो शाळेत नोकरीला नसतो, तुमच्या नात्यातला नसतो आणि शिकवण्याचे पैसेही घेत नाही. तो तुमच्या गल्लीतलाच असतो. तुमच्याजवळ बसतो, पुस्तक उघडायला सांगतो आणि तुम्ही वाचता ते नीट ऐकतो. अशा माणसाला काही पदवी नसते. कोणी त्याला दादा म्हणते, कोणी ताई, कोणी आपा, कोणी भाईजान. मला मुले ‘पोस्टवाले काका’ म्हणतात.

मी धाराशिवला राहतो. पूर्वी या गावाला उस्मानाबाद म्हणत. टपाल खात्यात कारकून म्हणून मी नोकरी केली आणि निवृत्त झालो. आमच्या घराला मोठी ओसरी आहे. एके दिवशी शेजारचा चौथीतला एक मुलगा तेथे आला. तो उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकत होता. त्याच्या हातात मराठीचे पुस्तक होते. तो म्हणाला, “काका, हा धडा मला वाचून दाखवाल का?”

मी म्हणालो, “तू वाच. मी ऐकतो.”

अडखळत अडखळत त्याने तीन ओळी वाचल्या. मी म्हणालो, “आता बुधवारी पुढच्या तीन ओळी.” बुधवारी तो आला. येताना दोन मित्रांनाही घेऊन आला. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून शनिवारची दुपारही ठरली. तेव्हापासून आमच्या ओसरीचे हे दोन वार ठरलेले आहेत.

या मुलांची अडचण तुम्हांला मी वेगळी सांगायला नको. मराठी अक्षरे डावीकडून उजवीकडे जातात, उर्दू अक्षरे उजवीकडून डावीकडे. उर्दूत ‘ळ’ नाही, म्हणून मुले ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणत आणि ‘डोळे’ला ‘डोले’. उर्दूत ‘किताब’ स्त्रीलिंगी, म्हणून ती ‘ती पुस्तक’ म्हणत. काही शब्द तर फसवे निघाले. मी एकाला विचारले, “तुझे दप्तर कोठे आहे?” तो म्हणाला, “माझे नाही, अब्बांचे आहे. स्टँडजवळ.” उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, हे माझ्या लक्षात आले आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. दुसरा म्हणाला, “मी येथे तालीम घ्यायला येतो.” आमच्याकडे तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. तुमच्याकडे तालीम म्हणजे शिक्षण. मी त्याला म्हटले, “दोन्ही अर्थ बरोबर आहेत. रोज मेहनत केल्याशिवाय दोन्ही तालमी अंगी लागत नाहीत.”

पण अडचणीपेक्षा ओळखीचे शब्द अधिक निघाले. दुकान, बाजार, जमीन, शहर, हवा, वकील, गरीब हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. कुर्सीची खुर्ची झाली आणि मददची मदत झाली. तुमच्या घरच्या दखनी बोलीत ‘नक्को’ म्हणतात, तो आमचा ‘नको’. ‘वोइच’ म्हणताना शेवटी जो ‘च’ येतो, तोही मराठीचाच. म्हणजे मराठी तुमच्या घरात आधीपासून राहतेच आहे. तुम्हांला फक्त तिची अक्षरे शिकायची आहेत.

आणि शिकणे एकाच बाजूने झाले नाही. त्या चौथीतल्या मुलाने मला अलिफ, बे शिकवायला सुरुवात केली. ‘ज़’ या एका आवाजासाठी ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय अशी चार अक्षरे आहेत, हे ऐकून मी म्हणालो, “एका आवाजाला चार अक्षरे कशाला?” त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “काका, मग तुमच्या एकाच ‘ज’ला दोन आवाज कशाला? ‘जीवन’मध्ये एक आणि ‘जावई’मध्ये दुसरा!” साठ वर्षे मराठी बोलून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आता मी दुकानांवरच्या उर्दू पाट्या वाचतो. चुकलो तर तो मुलगा माझी चूक दुरुस्त करतो.

असे शिकणे साने गुरुजींना फार आवडले असते. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना ते छात्रालयातील मुलांची काळजी घेत. मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. भारतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांना ओळखावे, म्हणून त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. गुरुजी १९५० साली गेले; पण दोन मुले एकमेकांची अक्षरे शिकतात, तेव्हा ती कल्पना पुन्हा खरी होते.

मित्रांनो, एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. “तुम्ही शिक्षक नाही. मग तुम्ही मुलांना देता तरी काय?” या प्रश्नाचे उत्तर मला एका मुलाने शिकवले.

आमच्या ओसरीवर मराठी शाळेतला एक मुलगा येत असे. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. आपल्या जिल्ह्यातल्या कळंब, भूम, वाशी या भागांतून दिवाळी झाली की अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत ती परत येत नाहीत. मुलांची शाळा बुडू नये, म्हणून मराठवाड्यात गावोगावी हंगामी वसतिगृहे काढली गेली आहेत. तरी काही मुले आईवडिलांबरोबर जातात. हा मुलगाही निघाला. त्याची धाकटी बहीण कोणी सांभाळायची, असा घरात प्रश्न होता.

मी त्याला थांबवू शकलो नाही. मी त्याला सहा पोस्टकार्डे दिली. प्रत्येकावर माझा पत्ता लिहिला आणि सांगितले, “पंधरा दिवसांतून एकदा, बुधवारी, चार ओळी लिही.”

सहांपैकी चार कार्डे आली. पहिल्यात लिहिले होते की थंडी फार आहे आणि तो बैलांना पाणी पाजतो. दुसऱ्यात बहिणीला ताप आल्याचे होते. तिसऱ्यात त्याने बाराचा पाढा लिहिला होता. शेवटची दोन घरे चुकली होती. चौथ्यात एकच ओळ होती : “काका, बुधवारी माझ्या जागेवर कोण बसतो?”

मी उलट टपाली कळवले, “कोणी बसत नाही.” पण टोळी तोपर्यंत पुढच्या फडावर गेली होती. पत्र त्याला मिळाले नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर तो परत आला. दारात उभा राहून त्याने आधी आपली जागा पाहिली. ती रिकामी होती. मग तो आत आला. पाढे तो बरेच विसरला होता. वाचायला मात्र विसरला नव्हता.

मी मुलांना काय देतो, ते त्या दिवशी मला समजले. मी त्यांना ठरलेला वार देतो. आपली वाट पाहणारे कोणीतरी आहे, हे ज्या मुलाला ठाऊक असते, ते मूल पुस्तक सहज सोडत नाही.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने फार मोठ्या दुःखातही पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. गणेशविसर्जन करून लोक झोपले होते. लातूर जिल्ह्यातील किल्लारी, आपल्या जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यांत बुडाली. बावन्न गावे पार उद्ध्वस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. कितीतरी मुलांचे आईवडील गेले. तेव्हा अनेक जण धावून आले. राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू झाले. तेथे अशा मुलांना निवारा मिळाला, शाळा मिळाली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी दोन्ही जिल्ह्यांतील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. पुढे वाघोलीला त्यांच्यासाठी मोठे शैक्षणिक केंद्र उभे राहिले.

हजार मुलांसाठी एक इमारत बांधता येते, एका मोठ्या भांड्यात भात शिजवता येतो. पण “आज तुझा दिवस कसा गेला?” हा प्रश्न हजार मुलांना एकदम विचारता येत नाही. तो एकेकालाच विचारावा लागतो. म्हणूनच अशा कामाला पैशांइतकीच माणसेही लागतात.

सेवा दलाला हे पहिल्यापासून माहीत होते. १९४१ साली त्याची नव्याने उभारणी झाली, तेव्हापासून संध्याकाळी ठरलेल्या वेळी मैदानावर मुले जमत. खेळ, गाणी, गोष्टी होत. घेणारा बहुधा कॉलेजातला तरुण असे. तो रोज येई, म्हणून मुलेही रोज येत. पुढे १९९० नंतरच्या काळात मुंबईत ‘प्रथम’ या संस्थेने ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली थोड्या मानधनावर शाळेत जात. तिसरी-चौथीतली जी मुले वाचनात व गणितात मागे पडली असतील, त्यांना त्या रोज सुमारे दोन तास शिकवत. मुंबई आणि बडोदा येथे अर्थशास्त्रज्ञांनी या उपक्रमाची परीक्षा घेतली. मुलांची प्रगती झाल्याचे दिसून आले. त्या अभ्यासकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बालसख्या मोठ्या पदव्यांच्या नव्हत्या. त्या मुलांच्या ओळखीच्या होत्या आणि रोज येत होत्या.

आता तुम्हांला आमच्या ओसरीवरच्या एका मुलीविषयी सांगतो. ती सातवीत होती. वाचनात सर्वांत पुढे होती. तिच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग होते. आठवीची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. उन्हाळ्यात तिने येणे बंद केले. शिवणाचा क्लास लावायचा आणि शाळा सोडायची, असे घरी ठरले होते. आमच्या गल्लीत शिक्षिका होण्यासाठी शिकणारी एक तरुणी आहे. सगळी मुले तिला आपा म्हणतात. आपा आणि मी त्या मुलीच्या घरी गेलो.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. हे सर्व आपाने नीट समजावून सांगितले. मुलीच्या आईने शांतपणे ऐकले. मग ती म्हणाली, “शिकवायला आमची ना नाही, भाईसाहेब. पण एवढ्या लांब एकटी कशी पाठवू? ह्यांचा टेम्पो पहाटेच निघतो.”

कायदा मुलीचा हात धरून रस्ता ओलांडून देत नाही. ते काम शेजाऱ्यांनी करायचे असते. त्या रस्त्याने आणखी कोण जाते, याची आपाने चौकशी केली. मागच्या गल्लीतल्या दोन मुली निघाल्या. आपाचे कॉलेजही त्याच बाजूला होते. दहाला पंधरा मिनिटे कमी असताना गल्लीच्या कोपऱ्यावर चौघींनी जमायचे, असे ठरले. आई म्हणाली, “एक महिना पाहते.”

त्या महिन्यात पाऊस झाला, आपाची परीक्षा झाली. पण कोपऱ्यावरची वेळ कोणी चुकवली नाही. महिना संपला तेव्हा आईने काहीच म्हटले नाही. तिने डबा भरून मुलीच्या हातात दिला. ती मुलगी आता नववीत आहे. शनिवारी ती ओसरीवर येते आणि दुसरीतल्या दोन मुलांचे वाचन ऐकते. मुले तिलाही आपा म्हणू लागली आहेत.

मित्रांनो, हे काम करायला तुम्ही मोठे होण्याची वाट पाहू नका. तुम्ही आठवीत असाल, तर तिसरीतल्या मुलाला तुमची मदत होईल. फक्त काही गोष्टी ध्यानात ठेवा. घरी आणि त्या मुलाच्या घरी आधी विचारा. ओसरीवर, अंगणात, मोठ्यांच्या नजरेसमोर बसा. मुलाला वाचू द्या आणि तुम्ही ऐका. चुकला तर हसू नका. थोडे थांबा, पुष्कळदा तो आपणच चूक सुधारतो. त्याला जे येते, ते त्याच्याकडून शिका. जमणार नाही असे वचन देऊ नका. यायला जमणार नसेल, तर आदल्या दिवशी निरोप द्या. निरोप न देता गैरहजर राहिलात, तर ते मूल दाराकडे पाहत बसते.

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण तुम्ही पाठ केली असेल. आठवड्याला एक तास म्हणजे वर्षाला पन्नासएक तास होतात. तेवढ्या वेळात मूल अडखळणे सोडून सरळ वाचू लागते, हे मी स्वतः पाहिले आहे.

तुमच्या गल्लीतही पुस्तक हातात घेऊन कोणीतरी अडलेले असेल. त्याच्याजवळ जा, त्याचे तीन ओळींचे वाचन ऐका आणि उठताना विचारा, “आता कोणत्या वारी बसू या?”