एक खेळ, अनेक यंत्रें

माझे थोरले बंधु शिक्षणासाठीं पुण्यास गेल्यापासून आम्हां दोघांची भेट बहुधा संगणकावरील खेळांतच होते. ते तिकडे, मी नागपुरांत. तरी एकाच रणांगणावर आम्ही खांद्याला खांदा लावून लढतों.

हजारों खेळाडूंचा भार एकट्या यंत्रास पेलवत नाहीं. म्हणून कित्येक खेळांत त्या काल्पनिक जगाचे विभाग पाडून प्रत्येक विभाग निराळ्या संगणकाकडे सोंपवितात. खेळाडूनें सीमा ओलांडली कीं पहिला संगणक त्याचा सारा हिशेब शेजाऱ्याच्या स्वाधीन करितो. हा कारभार एका वेळीं एकाकडेच हवा. नाहीं तर एकच तलवार दोघांच्या हातीं दिसावयाची!

काम वांटून घेण्याचें हेंच तत्त्व १९९१ सालच्या ‘परम ८०००’ ह्या महासंगणकांत होतें. तो पुण्याच्या सी-डॅकनें घडविला. त्या कार्याचे धुरीण डॉ. विजय भटकर हे नागपुरांतच अभियांत्रिकी शिकले. पुढें ह्याच संस्थेनें ‘गरुड’ नांवाच्या जाळ्यानें निरनिराळ्या शहरांतील संस्थांचे संगणक जोडले.

यंत्रांच्या अशा सहकार्यानेंच आम्हां भावांची रोज गांठ पडते. आई मात्र विचारते, “जेवला का रे तो?” आणि ऐन युद्धांत तो प्रश्न मला पुण्यास धाडावा लागतो.